गुहागरला तंबूत चार रात्री: नागपूरहून काय न्यायचं, काय घरी ठेवायचं?

बजाजनगरवाली

नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही दोघं नवरा-बायको गुहागरला जायचं ठरवतोय. चार रात्री आणि चारही तंबूत. त्यातल्या दोन पौर्णिमेच्या आगेमागे येतात. सामान असं आहे: दोन माणसांचा घुमटी तंबू (आत जाळी, वर वेगळं छप्पर, फायबरचे दांडे), त्याच्यासोबत आलेले सहा इंची लोखंडी खुंटे, शून्य अंशापर्यंत चालणाऱ्या दोन स्लीपिंग बॅगा, फोमच्या चटया आणि ब्यूटेनच्या डब्यावरचा एका बर्नरचा स्टोव्ह. हेच सामान नागपूरजवळच्या पेंच, खिंडसीकडे नेतो, तिथे काही अडत नाही.

विचारायचं ते असं. वाळूत हे खुंटे धरतात का? तंबू थेट किनाऱ्यावर लावू देतात का, आणि लावावा का? गाडीनं जावं की रेल्वेनं? रेल्वेनं गेलो तर स्टोव्हचं काय? पाणी किती लागेल? "खूप सुंदर आहे, नक्की जा" अशी उत्तरं नकोत. सुंदर आहे म्हणूनच निघालोय.

खिंडसीकाठ

तंबूचं मी सांगतो, बाकीचं इतर लोक सांगतीलच.

ताई, तुमचं सामान कडक जमीन आणि कोरडी हवा धरून जमवलेलं आहे. तिकडे जमीन सैल आणि हवा ओली. अर्ध्या वस्तू बदलाव्या लागतील, पण खर्च फारसा नाही.

खुंटे घरी ठेवा. सहा इंची खुंटा मुरमात ठोकला की हलत नाही, कोरड्या वाळूत तोच दोन बोटांनी उपटून येतो. बाजारात वाळूसाठी ३०-४० सेंटिमीटरचे रुंद, पन्हळीसारखे ॲल्युमिनियमचे खुंटे मिळतात. ते ओलसर, दाबलेल्या वाळूत बरे चालतात, भुसभुशीत वाळूत तेही सरकतात. भरवशाचा उपाय म्हणजे पुरलेली पिशवी. गांधीबागेच्या बाजारातून जाड कॅनव्हास घ्या किंवा जुन्या जीन्सच्या पायांच्या शिवून घ्या. साधारण २५ बाय ४० सेंटिमीटरच्या आठ पिशव्या लागतात: चार तंबूच्या कोपऱ्यांना, चार छपराच्या ओढदोऱ्यांना. जाताना रिकाम्या न्यायच्या, त्यामुळे वजन काही नाही.

पिशवीत वाळू भरली की ती आठ-दहा किलोची होते. तोंड बांधायचं आणि दोर पिशवीच्या मधोमध, पोटाभोवती घ्यायचा, तोंडाला नाही. खड्डा ४० ते ४५ सेंटिमीटर खोल हवा. वरचे १५ सेंटिमीटर कोरडे आणि सैल असतात, तिथे काहीच धरत नाही. पिशवी खड्ड्यात दोराला आडवी ठेवा. मग खड्ड्यापासून तंबूच्या दिशेनं वाळूत एक तिरकी चीर पाडा, दोर त्या चिरेतून सुमारे ४५ अंशात वर आला पाहिजे. बहुतेकांचं इथेच चुकतं. दोर खड्ड्यातून सरळ उभा वर काढून मग तंबूकडे वळवतात. वारा ओढायला लागला की दोर वाळू कापत जातो, ढिला पडतो आणि पिशवी वर उचलली जाते. वाळू परत टाकताना दोन-तीन थरांत टाका, प्रत्येक थरावर समुद्राचं पाणी शिंपडून पायानं तुडवा.

दोर चार मिलिमीटरचा पॉलिएस्टरचा घ्या. इतवारीत दोरवाल्याकडे मागितला की तो आधी नायलॉनचाच पुढे करतो. नायलॉन ओला झाला की लांबतो, रात्री दव पडलं की सगळे ताण सैल होतात आणि पहाटे छप्पर आतल्या जाळीला टेकतं. नायलॉनचाच असेल तर निजण्याआधी एकदा ताणून घ्या. दोर पिशवीला गाठ मारून न बांधता पिशवीभोवतून फिरवून दोन्ही टोकं वर आणली तर निघताना एक टोक ओढून दोर तरी आधी मोकळा करता येतो. पिशव्या मात्र उकरून काढायच्याच, तिथे सोडून यायच्या नाहीत.

स्वस्त तंबूंना कोपऱ्यात इलॅस्टिकचे फास असतात. दोर त्या इलॅस्टिकला बांधू नका, त्याच्या मागच्या शिवलेल्या पट्टीला बांधा. झोताच्या वाऱ्यात इलॅस्टिक ताणून तुटतं किंवा शिवणीसकट निघतं. छपराला मधोमध जे ओढदोर लावायची सोय असते तेही सगळे लावा. पेंचमध्ये कोणी लावत नाही, झाडी असते. समुद्रावर तेच दोर फायबरचे दांडे वाचवतात. दांडा मोडला तर तंबू खलास, म्हणून मोडलेल्या जागी सरकवायची १५ सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची नळी आणि कापडी चिकटपट्टी सोबत हवी.

वाऱ्याचं गणित सोपं आहे. दिवसा ऊन चढलं की वारा समुद्राकडून, साधारण पश्चिम-वायव्येकडून येतो आणि दुपारी दोन ते पाच जोरात असतो. रात्री उलटा, जमिनीकडून मंद. तंबूची अरुंद बाजू वायव्येला, दार पूर्वेला किंवा आग्नेयेला. दुपारच्या त्या तीन तासांत तंबू उभारायचा प्रयत्न करू नका. दोघांपैकी एकजण फक्त कापड धरून उभा राहतो आणि दुसरा त्याला सूचना देत राहतो, मग भांडण ठरलेलं.

आता ओल. नागपूरच्या जानेवारीत थंडी म्हणून आपण तंबूची सगळी झडपं बंद करून झोपतो. गुहागरला असं केलंत तर पहाटे आतून पाणी गळेल आणि तंबू फाटका आहे असं वाटेल. तंबू फाटका नसतो. हवेत आधीच भरपूर बाष्प, त्यात दोन माणसांच्या श्वासा-घामातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाण्याची भर. वरचं छप्पर उघड्या आकाशाखाली हवेपेक्षाही थंड होतं आणि त्यावर आतून-बाहेरून दव धरतं. उपाय एवढाच: वरची झडपं पूर्ण उघडी, दाराची जाळी लावून कापड गुंडाळलेलं, छप्पर ताणलेलं आणि आतल्या जाळीपासून चार बोटं दूर. झाडाखाली तंबू असेल तर दव बरंच कमी पडतं. पण कुठल्या झाडाखाली, ते कोकणातली मंडळी सांगतील.

शून्य अंशाच्या बॅगा नेऊ नका. तिथे जानेवारीच्या रात्री साधारण १८-२० अंशांच्या असतात, त्या बॅगेत घामानं आंघोळ होईल. एक फ्लीसचं पातळ ब्लँकेट दोघांत आणि प्रत्येकी एक पातळ चादर पुरते. जाड सुती काहीही नको. आपल्याकडे दोरीवर अर्ध्या तासात वाळणारा टर्किश टॉवेल तिथे दुसऱ्या दिवशीही ओलाच असतो आणि वास मारतो. पंचा न्या.

तंबूखाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा दोन-तीन इंच आतच राहील अशी दुमडा. बाहेर डोकावली तर छपरावरचं दव तिच्यावर पडतं आणि तंबूच्या बुडाखाली साचतं.

जांभ्याचा_गडगा

वरच्या भाऊंनी तंबूचं चोख सांगितलं आहे. जागेचं मी सांगतो.

थेट पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, तंबू नको. एक तर किनारा सरकारी, तिथे मुक्काम करायचा तर परवानगी हवी. गुहागरला नगरपंचायत आहे, चौकशी तिथे करायची. दुसरं कारण तुमच्या तारखांतच आहे: पौर्णिमा.

भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करा. पौर्णिमा म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे त्या दिवशी पूर्ण भरती दुपारी सव्वाअकरा-बाराच्या सुमारास आणि पुन्हा रात्री तेवढ्याच वाजता. अष्टमीला सहा, सकाळ-संध्याकाळ. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. रोज भरती पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नेमकी वेळ हवी तर भरती-ओहोटीचं छापील कोष्टक किंवा मोबाइलवरचं ॲप बघा. मुद्दा असा की पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे महिन्यातलं सर्वांत वर चढणारं पाणी, आणि ते नेमकं मध्यरात्री, तुम्ही झोपेत असताना. संध्याकाळी सहाच्या ओहोटीला येऊन पाहणाऱ्याला समुद्र एवढा लांब दिसतो की इथपर्यंत पाणी येईल असं त्याच्या मनातही येत नाही.

पाणी कुठवर येतं ते वाळू स्वतः सांगते. किनाऱ्याला समांतर वाळलेलं शेवाळ, काड्या, शिंपले, प्लॅस्टिक यांची एक रांग दिसते, ती मागच्या भरतीची खूण. अशा दोन-तीन रांगा असतील तर सर्वांत वरची उधाणाची. तिच्याही वर, जिथे मर्यादवेल पसरलेली दिसते, तिथपासून मागे जमीन सुरक्षित धरायची. ओढ्याच्या किंवा खाडीच्या मुखाजवळ ही खूण फसवते, पाणी मागून वळसा घालून येतं.

माझं म्हणणं विचाराल तर घराच्या मागच्या वाडीत, म्हणजे माड-आंब्याच्या बागेत, तंबू लावा. गुहागरात वाड्या थेट किनाऱ्याला लागून आहेत, बऱ्याच घरांत पाहुण्यांची सोय असते आणि पुष्कळ जण वाडीत तंबूला जागा देतात. ठरवताना चार गोष्टी विचारा: शौचालय रात्री उघडं असतं का, आंघोळीला गोडं पाणी किती, रात्री शिंपणं सुरू होतं का (पहाटे पाट सोडला तर तंबूखाली पाणी), आणि जेवण सांगावं लागतं की आपलं आपण शिजवलेलं चालतं. दोघांचीही ओळखपत्रं मागतील, आधार जवळ ठेवा.

वाडीत माडाखाली तंबू लावायचा नाही. नारळ पडतो हे सगळ्यांना माहीत असतं, सुकलेली झावळी पडते हे कोणी लक्षात घेत नाही. ती अंगावर आली तर तंबूचे दांडे आणि माणूस दोन्ही मोडतात. वर बघा आणि झावळ्यांच्या घेराच्या बाहेर जागा निवडा. आंबा, फणस यांच्या कडेला बरं.

दगडी गडग्यापासून, म्हणजे कुंपणाच्या भिंतीपासून, तीन-चार मीटर लांब राहा. जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटींत फुरसं असतं. लहानसा साप, पण रत्नागिरी जिल्ह्यात विषारी दंशांत त्याचा मोठा वाटा. रात्री अनवाणी फिरायचं नाही, बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही, चपला-बूट आत घ्यायचे आणि सकाळी झटकून घालायचे, गडग्यावर टेकून बसायचं नाही. दंश झालाच तर करकचून बांधू नका, कापू नका, हातपाय हलवू न देता तडक ग्रामीण रुग्णालय. तंबूची चेन सताड उघडी टाकून समुद्रावर जाणं ही शहरी सवय, ती तिथे विसरा.

आणि कासवं. जानेवारी म्हणजे ऑलिव्ह रिडलेच्या विणीचे दिवस, गुहागरचा किनारा त्यांच्या आवडीचा. मादी रात्री येते आणि उजेड दिसला की अंडी न घालताच परत फिरते. किनाऱ्यावर शेकोटी, पांढऱ्या प्रकाशाच्या बॅटऱ्या, स्पीकर यातलं काही नको. डोक्याला लावायच्या बॅटरीत लाल दिवा असेल तर तोच वापरा. कासव दिसलंच तर मागून, लांबून, गप्प बसून बघा, फ्लॅश मारू नका आणि वनखात्याच्या किंवा गावातल्या कासवमित्रांना कळवा.

सीपी_अँड_बेरार

वाडी ठीक आहे, पण तंबूत राहायचं म्हणून हजार किलोमीटर जायचं आणि कोणाच्या परसात झोपायचं? किनाऱ्यालगत सुरूचं बन आहे. परवानगी काढून तिथे लावा. सावली असते, वारा गाळून येतो, दव कमी. माडाचा धोका नाही.

जांभ्याचा_गडगा

सुरूखाली दिवसा बसायला उत्तम, निजायला नाही. खाली सुयांचा जाड थर असतो, सुकलेला, एका ठिणगीत पेटणारा. तिथे स्टोव्हसुद्धा लावायचा नाही. सुरूच्या मेलेल्या फांद्या वाऱ्यात कडाकडा मोडतात. त्या थराखाली वाळूच असल्यामुळे पिशव्या पुरायच्या तर मुळं आडवी येतात. तरी लावायचाच असेल तर झाडांच्या रांगेच्या जमिनीकडच्या बाजूला, वर एकही वाळकी फांदी नसलेली जागा बघून, तळ झाडून घेऊन. शौचालय आणि गोडं पाणी मात्र चालत जाऊन आणायचं हे धरून चला. पुरुषमंडळी हा मुद्दा सोडून देतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

लोहमार्ग_इतवारी

रेल्वे: नागपूर-मडगाव विशेष गाडी आठवड्यातून दोनदा असते, भुसावळ, नाशिक, कल्याण, पनवेल करत कोकण रेल्वेवर जाते आणि चिपळूणला थांबते. ती विशेष असल्यामुळे तिची मुदत टप्प्याटप्प्यानं वाढवतात, तेव्हा परतीची तारीख त्या मुदतीत बसते ना हे तिकीट काढण्याआधी बघा. दुसरा मार्ग म्हणजे रात्रीच्या गाडीनं मुंबईकडे जाऊन ठाण्याला किंवा पनवेलला कोकणची गाडी धरायची. दोन गाड्यांमध्ये किमान चार तास ठेवा, नागपूरची गाडी उशिरा आली तर दुसरं आरक्षण वाया जातं.

चिपळूण स्थानक गावाबाहेर वालोपेला आहे. तिथून रिक्षानं एसटी स्टँड, मग गुहागरची एसटी, अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास. स्लीपर आणि थ्री-टियर एसीला माणशी ४० किलो सामान विनामूल्य. तंबूची पिशवी बर्थखाली आडवी बसते, दांड्यांची पिशवी वेगळी बांधू नका, राहून जाते.

गॅसचा डबा, भरलेला असो वा अर्धा, रेल्वेत न्यायचा नाही. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १६४: तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रॉकेल, स्पिरिट आणि त्या पांढऱ्या घन इंधनाच्या वड्याही त्यातच आल्या. रिकामा स्टोव्ह नेता येतो, पण डबा गुहागरला मिळेल या भरवशावर राहू नका. रेल्वेनं जाणार असाल तर स्वयंपाक यादीतून काढा आणि खाणावळीवर जेवा.

गाडी: समृद्धी महामार्गावर नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर. जून २०२५ पासून तो पूर्ण खुला आहे. दुचाकीला बंदी आहे, कोणी बुलेटवर जायचं म्हणत असेल तर आताच सांगून ठेवा. पुढे पनवेल, पेण, माणगाव, महाड, कशेडीचा बोगदा, खेड, चिपळूण. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी पनवेल ते माणगाव पट्ट्यात कोंडी, म्हणून हा भाग आठवड्याच्या मधल्या दिवशी पार करा. एका दमात जाऊ नका. समृद्धी सरळ आणि एकसुरी आहे, सहाव्या-सातव्या तासाला डोळा लागतो. नाशिक-सिन्नर बाजूला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे निघून दुपारपर्यंत गुहागर.

टायरकडे बघा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा, तीही गाडी थंड असताना. हवा कमी असेल तर टायरची बाजू सतत वाकते, तापते आणि १२० च्या वेगात फुटते. पाच-सहा वर्षं जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी बदला. टायरवरच्या चार आकडी खुणेत पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. पेट्रोल नागपुरातून भरून निघा आणि पाव टाकीवर आलं की मिळेल तिथे भरा.

गाडी पुळणीवर उतरवू नका. दरवर्षी कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर पर्यटकांची गाडी भरतीत अडकल्याच्या बातम्या येतात. वरून घट्ट दिसणारी वाळू चाकाखाली फुटते, ॲक्सिलरेटर दाबला की चाक स्वतःची कबर खणतं.

बजाजनगरवाली

गाडीनंच जाऊ, दोन दिवसांत. वाडी ठरली (शौचालयाचा मुद्दा लिहिल्याबद्दल धन्यवाद, अहोंना तो वाचून दाखवला). आता स्वयंपाक आणि पाण्याचं कोणी सांगा. आणि समुद्रात उतरायचं म्हटलं तर काय बघायचं?

तर्री_कमी

स्वयंपाकाचं मी घेतो.

गाडीत गॅसचे डबे न्या, पण उन्हात तापलेल्या डिकीत नाही. जानेवारीतही बंद गाडी दुपारी भट्टी होते. पाठीमागच्या सीटखाली, कापडात गुंडाळून, डबा स्टोव्हपासून काढून ठेवायचा. दोघांसाठी दिवसातून दोनदा चहा, एक खिचडी किंवा भात-भाजी धरली तर रोज ६० ते ८० ग्रॅम गॅस लागतो. २३० ग्रॅमचा एक डबा तीन दिवस, म्हणून दोन न्या. वाऱ्यात हाच खर्च दुप्पट होतो.

वारा अडवायला लोक पत्र्याचा पडदा चहूबाजूंनी लावतात. डबा बर्नरच्या थेट खाली असेल तर तसं करायचं नाही बाप्पा! उष्णता आत कोंडते, डबा तापतो आणि फुटतो. पडदा फक्त वाऱ्याच्या बाजूला, अर्धगोल, आणि अधूनमधून डब्याला हात लावून बघा. हाताला चटका बसण्याइतका तापला असेल तर बंद. तंबूत स्टोव्ह किंवा कोळशाची शेगडी कदापि नाही, झडपं उघडी असली तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वाळूवर स्टोव्ह ठेवला की एक पाय खचतो आणि पातेलं कलंडतं. एक फूट बाय एक फूट प्लायवुडचा तुकडा न्या. हेच फळकूट भाजी चिरायला चालते.

शिजवायला: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, चिमूटभर हळद-मीठ घरूनच पिशव्यांत मोजून बांधा, एका पिशवीत दोघांचं जेवण. दीड लिटरचा छोटा कुकर असेल तर गॅस निम्मा वाचतो. पोहे तिथे ओल धरतात, डबा घट्ट झाकणाचा हवा. मीठ आणि साखर दगड होतात, मिठात तांदळाचे दहा-बारा दाणे टाका. सावजी मसाला नेलाच असेल तर बांगड्याला बेतानं लावा. त्या माशाला स्वतःची चव असते, मटणासारखं तिखटात बुडवायचं काहून? मासळी सकाळी घ्या: डोळे चमकदार, कल्ले लालबुंद, पोट बोटानं दाबलं तर खळगा न राहणारं. तंबूजवळ साफ करू नका, मांजरं, कुत्री आणि रात्री खेकडे येतात. उरलेलं अन्न तंबूत ठेवायचं नाही.

पाणी: पिण्याचं माणशी चार लिटर धरा. आपल्याकडे घाम वाळतो आणि अंग गार होतं, तिथे तो वाळत नाही, येतच राहतो, म्हणून पाणी जास्त लागतं. स्वयंपाक आणि भांड्यांना पाच लिटर. म्हणजे दोघांना रोज १३ लिटर, आंघोळ सोडून. २० लिटरची तोटीवाली कॅन एक, ती रोज भरायची. भांडी आधी समुद्राच्या वाळूनं घासली तर गोडं पाणी निम्मं लागतं.

जांभ्याचा_गडगा

समुद्रात उतरायचं तर: किनारा लांब आणि सरळ आहे, आडोसा नाही. भरती चढत असताना, सकाळी, गुडघा-मांडीपर्यंत. ओहोटी लागली की बाहेर. लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा शांत, गढूळ, फेस आत वाहून नेणारा दिसला तर ती उतरायला सोपी जागा नव्हे, तिथूनच पाणी परत खेचलं जातं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या, मग किनाऱ्याकडे वळा. एकजण पाण्यात असेल तेव्हा दुसऱ्यानं काठावर राहावं, मोबाइलमध्ये डोकं न घालता.

पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चाला. वाळूत पाकट, म्हणजे काटेरी शेपटीचा चपटा मासा, दबून बसलेलं असतं, पाय लागला की सरकतं, वरून पडला की शेपटीचा काटा मारतं. काटा लागला तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा. जेलीफिशचे धागे अंगाला चिकटले तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा, गोड्यानं नको, आणि हातानं न चोळता चिमट्यानं काढा.

निघण्याआधी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे उंच लाटांचे इशारे बघा, आभाळ निरभ्र असतानाही लांबून आलेल्या लाटा उसळतात. तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४, इतर मदतीला ११२.

पौर्णिमेचा फायदाही घ्या. हेदवीला, वीस-पंचवीस किलोमीटरवर, दशभुजा गणपती आहे आणि तिथल्या समुद्राकाठी बामणघळ. खडकाच्या चिरेत भरतीचं पाणी घुसून कारंज्यासारखं वर उडतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल. पौर्णिमेला दुपारच्या भरतीच्या तासभर आधी पोचा. चिरेच्या कडेवर जायचं नाही, खडक ओला आणि शेवाळलेला असतो.

सीपी_अँड_बेरार

सुरूच्या बाबतीत हार मानली. परत आल्यावरचं कोणी लिहिलं नाही, ते मी लिहितो.

निघायच्या दिवशी दव वाळेपर्यंत तंबू सोडू नका, नऊ-साडेनऊ वाजतात. तरी तो ओलाच गुंडाळावा लागला तर दोन दिवसांच्या प्रवासात मुक्कामी खोलीत पसरून ठेवा. ओला तंबू डिकीत दाबून ठेवला की बुरशी धरते आणि आतलं पाणीरोधक अस्तर चिकट होऊन सुटतं. ते पुन्हा बसवता येत नाही.

घरी आल्यावर तंबू, दोर, पिशव्या, चटया सगळं साध्या पाण्यात दोनदा बुचकळा. साबणाची पूड नको. मिठाचे कण राहिले तर पावसाळ्यात पुन्हा ओल खेचतात. चेन जुन्या टूथब्रशनं घासा. वाळूचा एक कण अडकलेली चेन जोरात ओढली की दात झिजतात, मग चेन लागते पण मागून उघडत जाते. तशी झाली असेल तर सरकीच्या, म्हणजे चेनवर पुढेमागे सरकणाऱ्या कडीच्या, दोन्ही बाजू पक्कडीनं किंचित दाबा, अगदी किंचित, नाहीतर सरकी तुटते. स्वच्छ झाल्यावर मेणबत्ती फिरवा. तेल लावू नका, धूळ धरते.

वाळवताना सावलीत. आपल्या गच्चीवरच्या उन्हात कापड तासाभरात कोरडं होतं हे खरं, पण अतिनील किरणांनी पॉलिएस्टर कुजतं. गाडीचा तळही पाण्याच्या झोतानं धुऊन घ्या, विशेषतः चाकांच्या कमानी आणि सायलेन्सरच्या पट्ट्या.

बजाजनगरवाली

आठ पिशव्या शिवायला टाकल्या. एकच शंका: वाडीत वाळू नसून माती असेल तर?

खिंडसीकाठ

मालकांना फोनवर आधीच विचारा. वाडीची जमीन बहुधा वाळूमिश्रित आणि शिंपणानं ओलसर असते, तिथे ३० सेंटिमीटरचे खुंटे तिरके ठोकले की धरतात. जांभ्याचा कातळ असेल तर काहीच आत जात नाही, मग त्याच पिशव्या वाळूनं भरून जमिनीवर ठेवायच्या आणि प्रत्येक ओढदोराला दोन-दोन. म्हणजे ओढदोऱ्यांसाठी आणखी चार शिवून घ्या.